प्रसूतीची तारीख आणि बाळाचं नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाचणीवर दोन रेषा दिसल्या की घरात पहिला प्रश्न येतो, "तारीख कधीची?" गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीत बरीच वर्षं काम करताना हा प्रश्न मी रोज ऐकते. त्याच्या मागोमाग येणारे प्रश्नही बहुतेक ठरलेले असतात. बायकांनी, त्यांच्या नवऱ्यांनी, आयांनी आणि सासवांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर प्रश्न १४ आणि १६ तेवढे नक्की वाचा. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

## दिवस राहण्याआधी

१. बाळाचा विचार चालू आहे. डॉक्टरांकडे आत्ताच जायचं की दिवस राहिल्यावर?

आत्ताच. शक्यतो प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. पहिल्या तपासणीला तुम्ही येता तोवर हे नाजूक काम उरकलेलं असतं.

या भेटीत रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड पाहतात. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का तेही तपासून घ्या. नसेल तर लस घ्यायची आणि त्यानंतर किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण या लशीत जिवंत (पण दुबळा केलेला) विषाणू असतो आणि ती गरोदरपणात देत नाहीत. कांजिण्यांच्या लशीचंही तसंच. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची वाहक-तपासणी एकदाच करावी लागते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर बाळाला तो आजार होत नाही. दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळलं तर विचार करायला वेळ मिळतो.

नवऱ्यानेही सोबत यावं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू आणि दारू सोडायची तर तीही आत्ताच. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. त्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची संख्या शून्यावरसुद्धा येऊ शकते.

२. फॉलिक ॲसिड किती आणि कधीपासून घ्यायचं?

रोज ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी सुरू करायचं, तीन महिने मिळाले तर उत्तम, आणि बारावा आठवडा पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायचं. आधीच्या बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्याच्या कवटीत दोष असेल, तुम्हाला मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डोस याच्या दहापट, म्हणजे ४ ते ५ मिलिग्रॅम लागतो. तो डॉक्टरच लिहून देतात. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ सालच्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायकांना ४ मिलिग्रॅमची गोळी दिल्यावर पुन्हा तोच दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं होतं. इतकी साधी गोळी आणि एवढा फायदा असं उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल. दिवस आधीच राहिले असतील आणि गोळी घेतली नसेल तर घाबरू नका, आजपासून सुरू करा.

३. मला रोजच्या गोळ्या चालू आहेत. प्रयत्न सुरू करण्याआधी बंद करू का?

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. काही औषधं बाळाला खरोखर घातक असतात, पण ती अचानक थांबवणं आईला तितकंच घातक ठरू शकतं. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, सांधेदुखीसाठीचं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि रक्तदाबाची नावात शेवटी 'प्रिल' असणारी औषधं, यांतलं काहीही चालू असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलणं अत्यावश्यक आहे. बहुतेक वेळा दुसरं औषध देता येतं, पण बदलून ते लागू पडायला काही आठवडे जातात.

थायरॉइडची गोळी मात्र चालूच ठेवायची असते. गरोदरपणात तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मग प्रयत्न करावेत. ते १० टक्क्यांच्या वर असेल तर थांबण्याचाच सल्ला देतात, कारण पहिल्या काही आठवड्यांतल्या वाढलेल्या साखरेने बाळाच्या हृदयात आणि मज्जासंस्थेत दोष होण्याचा धोका वाढतो.

४. महिन्यातले नेमके कोणते दिवस?

स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. मोजायचं ते असं मागे. २८ दिवसांनी पाळी येत असेल तर चौदावा दिवस, ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसावा आणि २४ दिवसांनी येत असेल तर दहावा. "चौदावा दिवस" हा सगळ्यांना लागू आहे असं समजून कित्येक जोडपी महिनोन् महिने चुकीचे दिवस धरतात.

स्त्रीबीज फार तर २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र गर्भाशयात आणि बीजवाहक नळीत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, असे सहा दिवस उपयोगाचे. रोज कॅलेंडर बघत बसण्यापेक्षा पाळी संपल्यावर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले तर हे दिवस आपोआप गाठले जातात, आणि नात्यावरचा ताणही कमी होतो.

५. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या. किती महिने थांबावं?

थांबायची गरज नाही. गोळ्यांचा परिणाम लवकर जातो. तांबी काढल्यावरही तसंच. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनानंतर मात्र पाळी पूर्ववत व्हायला वर्षभरसुद्धा लागू शकतं. एक पाळी येऊन गेल्यावर प्रयत्न केले तर तारीख काढणं सोपं जातं, एवढाच थांबण्याचा फायदा (प्रश्न १७ पाहा).

६. आठ महिने झाले, अजून काही नाही. तपासणी करावी का?

वय ३५ च्या आत असेल आणि पाळी नियमित असेल तर वर्षभर प्रयत्न करावेत. शंभरातल्या ८० हून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात. वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांनी आणि ४० च्या पुढे असेल तर लगेच डॉक्टरांना भेटा. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा पाळीत असह्य दुखत असेल तर वयाचा हिशोब न करता आधीच जा.

आणि तपासणी दोघांची. वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, तिच्यात सुई नाही की भूल नाही. तरीही बाईच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर शेवटी नवऱ्याची पाळी येते, हे मी अजूनही बघते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

७. दोन बाळांमध्ये किती अंतर हवं? आधी सिझेरियन किंवा गर्भपात झाला असेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की बाळ झाल्यावर पुढच्या गरोदरपणासाठी किमान २४ महिने थांबावं. सिझेरियन झालेलं असेल आणि दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल, तर पुढच्या वेळी कळा सोसताना जुना टाका उसवण्याचा धोका वाढतो. गर्भपातानंतर इतकं थांबावं लागत नाही. अंगातून जाणं थांबून एक नेहमीची पाळी आली आणि मनाची तयारी असली तर बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. मनाच्या तयारीला मात्र महिन्यांचं गणित लागू पडत नाही.

## तारीख कशी निघते

८. डॉक्टर तारीख काढतात तरी कशी?

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. येणारी तारीख पुढच्या वेळेची. शेवटची पाळी १२ मार्चला आली असेल तर सात मिळवून १९ मार्च आणि तीन महिने मागे जाऊन १९ डिसेंबर. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले (१७७८ ते १८५१) यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

आपल्याकडे "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतात. नेगेलेंच्या हिशोबात नऊ महिने सात दिवस येतात. बोलीतला आकडा किती जवळचा आहे बघा. नियमामागचं गृहीतक मात्र लक्षात ठेवा : पाळी बरोबर २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडतं. ज्यांचं तसं नाही त्यांनी प्रश्न १३ पाहावा.

९. पाळीचा पहिला दिवस धरायचा की शेवटचा?

पहिला. अंगावर नीट जायला लागलं तो दिवस. त्याआधी एक-दोन दिवस नुसता डाग दिसला असेल तर तो धरत नाहीत. ही तारीख कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये दर महिन्याला लिहून ठेवायची सवय लावा. दिवस गेल्यावर आठवायला बसलं की "त्या लग्नाच्या आसपास आली होती" इतकंच आठवतं.

१०. चाचणी कधी करावी? पाळी चुकली पण एकच रेष आली.

पाळी चुकल्या दिवशी किंवा त्यानंतर करावी. गर्भ रुजल्यावर एचसीजी हे संप्रेरक बनू लागतं आणि सुरुवातीला साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. म्हणून आज पुसट दिसणारी रेष तीन दिवसांनी ठळक होते. एकच रेष आली तर आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीत पुन्हा करा. बीज उशिरा बाहेर पडलं असेल तर पाळी "चुकलेली" नसून लांबलेली असू शकते. पोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आठवडाभर थांबू नका. गर्भ नळीत रुजल्याची शक्यता तपासावी लागते.

११. माझा नवरा चार आठवड्यांपूर्वीच परत आला आणि रिपोर्टवर सहा आठवडे लिहिलंय. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे, आणि हिशोब बरोबर जुळतो आहे. गरोदरपणाचे आठवडे गर्भधारणेच्या दिवसापासून मोजत नाहीत, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. २८ दिवसांच्या पाळीत बीज साधारण दोन आठवड्यांनी बाहेर पडतं. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ नसतोच, तरी ते मोजले जातात. रिपोर्टवरचे सहा आठवडे म्हणजे प्रत्यक्ष गर्भाचं वय चार आठवडे. पूर्ण काळ पाळीपासून २८० दिवस आणि गर्भधारणेपासून २६६ दिवस.

असं का मोजतात? पाळी दिसते, गर्भधारणा दिसत नाही. जुन्या काळी दिसणारी खूण तेवढी एकच होती आणि पुढे तीच पद्धत जगभर रुळली.

हा प्रश्न खाली मान घालून विचारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बाहेर बाकावर नवरा किंवा सासू गप्प बसलेली असते. दोन आठवड्यांच्या या गणितामुळे कुणाच्या घरात संशय शिरू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरी असं काही चाललं असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा, किंवा सगळ्यांसमोर डॉक्टरांना समजावून सांगायला लावा.

१२. ॲपमध्ये १७ डिसेंबर आहे, डॉक्टरांनी १९ सांगितली. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. ॲप सरळ २८० दिवस मोजतं. नेगेलेंचा नियम महिने मोजतो आणि महिने ३०, ३१, २८ असे लहानमोठे असतात. म्हणून नियमाने आलेली तारीख २८० ते २८३ दिवसांत कुठेही पडते. प्रश्न ८ मधलं उदाहरण घेतलं तर १२ मार्चपासून २८० दिवस १७ डिसेंबरला भरतात. दोन-तीन दिवसांच्या फरकाने उपचारात काहीही बदलत नाही. फाइलवर जी लिहिली आहे ती धरा.

आठवड्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. "१२ आठवडे ३ दिवस" म्हणजे बारा पूर्ण झाले आणि तेरावा चालू आहे. आणि ४० आठवड्यांना चारने भागून "म्हणजे दहा महिने?" असं विचारू नका. महिना चार आठवड्यांहून दोन-तीन दिवस मोठा असतो, ते दिवस साठत जातात. डॉक्टरांशी बोलताना महिन्यांपेक्षा आठवड्यांत बोला. "पाचवा लागला" यातून नेमका कोणता आठवडा ते कळत नाही.

१३. माझी पाळी ३५ दिवसांनी येते. मग तारीख बदलेल का?

हो. २८ पेक्षा जितके दिवस जास्त, तितके दिवस तारीख पुढे. ३५ असेल तर सात दिवस पुढे, २४ असेल तर चार दिवस मागे. पण हे पाळी ठरावीक अंतराने येत असेल तरच. कधी ३० दिवसांनी, कधी ५० दिवसांनी येत असेल तर पाळीवरून काढलेल्या तारखेचा भरवसा धरता येत नाही. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास) असणाऱ्या बऱ्याच जणींचं असं होतं. त्यांनी प्रश्न १४ प्रमाणे सोनोग्राफीवरूनच तारीख ठरवून घ्यावी.

१४. पहिली सोनोग्राफी कधी करावी? लवकर केली तर बाळाला त्रास होतो का?

१४ आठवडे पूर्ण होण्याआधी एकदा तरी कराच. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, एक्स-रे नाही. गरजेपुरती केलेली सोनोग्राफी बाळाला अपाय करते असं आजवर दिसलेलं नाही.

लवकर का, ते सांगते. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. आई उंच असो की ठेंगणी, आठव्या आठवड्यातलं बाळ सगळीकडे साधारण तेवढंच. डोक्याच्या टोकापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली, रिपोर्टवर सीआरएल लिहितात ती, की वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. ही मोजणीची पद्धत १९७३ साली ग्लासगोत ह्यू रॉबिन्सन यांनी मांडली आणि आजही तारीख ठरवण्याची याहून चांगली पद्धत नाही, आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर केलेली गर्भधारणा सोडून (प्रश्न १९). चौदाव्या आठवड्यानंतर प्रत्येक बाळ आपापल्या चणीप्रमाणे वाढू लागतं आणि मोजमापावरून वय सांगताना चूक वाढत जाते. शेवटच्या तीन महिन्यांत ती तीन आठवड्यांपर्यंतसुद्धा जाते.

ही एक सोनोग्राफी राहून गेली तर पुढचे कितीतरी निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात. कळा अवेळी आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का, हे आठवड्यावरून ठरतं. बाळ लहान आहे की तारीखच चुकली आहे, हेही. तारीख उलटल्यावर किती थांबायचं, तेसुद्धा.

## तारखा जुळत नाहीत तेव्हा

१५. रिपोर्टवर दोन तारखा आहेत, एक पाळीवरून आणि एक सोनोग्राफीवरून. कोणती खरी?

फरक थोडा असेल तर पाळीवरची. जास्त असेल तर पहिल्या सोनोग्राफीवरची. थोडा म्हणजे किती, याचे अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या संस्थेने निकष दिले आहेत. पाळीच्या हिशोबाने नववा आठवडा पूर्ण होण्याआधी सोनोग्राफी झाली असेल आणि फरक पाच दिवसांपेक्षा जास्त असेल तर सोनोग्राफीची तारीख घेतात. नऊ पूर्ण झाल्यापासून सोळा पूर्ण होईपर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त, त्यानंतर बावीस पूर्ण होईपर्यंत दहापेक्षा जास्त, अठ्ठावीस पूर्ण होईपर्यंत चौदापेक्षा जास्त आणि त्यानंतर एकवीसपेक्षा जास्त फरक हवा.

उदाहरणार्थ, पाळीवरून १० आठवडे होतात आणि सोनोग्राफी ९ आठवडे ४ दिवस म्हणते. फरक तीन दिवसांचा, पाळीची तारीख कायम. तीच सोनोग्राफी ८ आठवडे म्हणाली असती तर तारीख दोन आठवडे पुढे गेली असती. डॉक्टरांना विचारून एकच तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

१६. पहिल्या रिपोर्टवर १७ डिसेंबर होती, आता सातव्या महिन्यात ३१ डिसेंबर आली. तारीख पुढे गेली का?

नाही. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून एकदा ठरलेली तारीख बदलायची नसते. मशीन प्रत्येक वेळी बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं, त्या मापाचं सरासरी बाळ किती आठवड्यांचं असतं ते तक्त्यात बघतं आणि त्यावरून तारीख छापतं. आधी काय ठरलं आहे हे त्याला माहीत नसतं. तिसाव्या आठवड्यातलं बाळ अठ्ठावीस आठवड्यांच्या मापाचं आलं, याचा अर्थ ते दोन आठवड्यांनी लहान वयाचं आहे असा होत नाही. ते मुळात बारीक चणीचं असेल, किंवा त्याची वाढ मागे पडली असेल. यातलं कोणतं, हे शोधणं गरजेचं असतं.

म्हणूनच "तारीख पुढे गेली, काळजी नको" या वाक्याची मला भीती वाटते. तारीख पुढे ढकलली की न वाढणारं बाळ कागदावर एकदम "बरोबर" दिसायला लागतं. वारेतून रक्त कमी जात असेल तर ते बाळ पोटात उपाशी असतं आणि आपण निर्धास्त. एका बाईंच्या फाइलमध्ये मी चार सोनोग्राफ्यांच्या चार तारखा पाहिल्या होत्या, चारही पेनाने गोल केलेल्या. पहिली सोनोग्राफी नवव्या आठवड्यातली होती आणि तीच धरायला हवी होती. ती धरल्याबरोबर बाळाची वाढ मंदावल्याचं लक्षात आलं, डॉपलर तपासणी (बाळाकडे रक्त कसं जातं ते दाखवणारी सोनोग्राफी) झाली आणि वेळेवर बाळंतपण झालं. बाळ सुखरूप आहे.

उलटही होतं. बाळ मापाने मोठं आलं आणि तारीख "मागे आली" असं वाटलं, तर साखरेची तपासणी झाली आहे ना ते विचारा.

सातव्या-आठव्या महिन्यातच पहिली सोनोग्राफी झाली असेल तर मात्र नक्की तारीख कोणालाच सांगता येत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून बाळ कोणत्या वेगाने वाढतं आहे ते बघतात.

१७. शेवटची पाळी आठवतच नाही. किंवा आलीच नव्हती, बाळ अंगावर पीत होतं.

अंगावर पाजताना पहिली पाळी येण्याआधीच बीज बाहेर पडू शकतं, म्हणून एकही पाळी न येता दिवस राहणं शक्य आहे. गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यानंतरचं बीज उशिरा येऊ शकतं. या सगळ्यांत उपाय एकच, लगेच सोनोग्राफी. फार उशीर झाला असेल तर पहिल्यांदा हालचाल कधी जाणवली (पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत, पुढच्या खेपेला थोडी आधी), पोटाची उंची किती, यांवरून अंदाज बांधतात. २० आठवड्यांना गर्भाशय बेंबीपाशी पोहोचतं. पण हे ढोबळच.

१८. पाळी आली होती, पण नेहमीपेक्षा फारच कमी. सोनोग्राफीत महिनाभर जास्त दाखवतंय.

ती बहुधा पाळी नव्हती. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि तो पाळीच्या सुमारास झाला तर फसगत होते. त्याआधीच्या पाळीची तारीख आठवून बघा, बहुतेक वेळा सोनोग्राफीशी जुळते. डॉक्टरांना त्या रक्तस्रावाबद्दल जरूर सांगा.

१९. आयव्हीएफने दिवस राहिलेत. पाळीची तारीख कोणती सांगू?

पाळीची नकोच. इथे गर्भाचं वय आधीच माहीत असतं. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर त्या दिवसात २६१ दिवस मिळवायचे, तीन दिवसांचा असेल तर २६३. १ जूनला पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर तारीख १७ फेब्रुवारी. गर्भ गोठवलेला असला तरी हिशोब तोच. ही तारीख सोनोग्राफीवरून बदलत नाहीत.

२०. जुळी आहेत. तारीख वेगळी असते का?

हिशोब तोच, ४० आठवड्यांचा. दोन्ही बाळांच्या लांबीत फरक असेल तर मोठ्या बाळावरून वय धरतात. जुळी मात्र क्वचितच चाळिसाव्यापर्यंत थांबतात. वार एक आहे की दोन यानुसार साधारण ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण ठरवतात. वारेचा हा फरकही पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत स्पष्ट दिसतो. लवकर सोनोग्राफी करण्याचं हे आणखी एक कारण.

२१. सहा आठवडे झाले, पण ठोके दिसले नाहीत. सगळं संपलं का?

लगेच तसं समजू नका. बीज आठवडाभर उशिरा बाहेर पडलं असेल तर सहा आठवडे म्हणजे प्रत्यक्षात पाचच, आणि पाचव्या आठवड्यात ठोके दिसतही नाहीत. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवी २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ नसेल, तरच गर्भ वाढत नसल्याचं नक्की म्हणतात. त्याहून लहान असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघतात. हे थांबणं फार जड जातं, मला कल्पना आहे. पण घाईने गोळी घेऊन गर्भ पाडण्यापेक्षा तेवढे दिवस थांबा.

## तारीख जवळ आल्यावर

२२. दिलेल्या तारखेलाच बाळ होतं का?

शंभरात चार-पाच जणींना. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ कधीही आलं तरी त्याला दिवस भरलेलं बाळ म्हणतात, त्यातही ३९ ते ४१ हा काळ सर्वांत चांगला. पहिलटकरणीचे दिवस थोडे जास्त जातात. नातेवाइकांना तारीख सांगण्याऐवजी "महिन्याचा दुसरा पंधरवडा" असं सांगा, तारखेच्या दिवशीचे वीस फोन टळतील. बॅग, रात्रीच्या वाहनाची सोय आणि मोठ्या मुलाला कोणाकडे ठेवायचं, हे सगळं ३६ आठवड्यांपर्यंत ठरलेलं असावं. जुळी असतील तर आणखी महिनाभर आधी.

२३. तारीख उलटून चार दिवस झाले. काय करायचं?

बाळ नीट हलत असेल आणि रक्तदाब, साखर ठीक असेल तर ४१ आठवड्यांपर्यंत तपासण्या करत थांबता येतं. ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणण्याचं औषध द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण त्यानंतर वारेचं काम मंदावू शकतं आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका, मुळात कमी असला तरी, वाढत जातो. "नक्की" हा शब्द महत्त्वाचा. तारीखच चुकीची असेल तर आपण ३९ व्या आठवड्यात उगाच कळा आणतो, किंवा ४३ व्यापर्यंत बेफिकीर राहतो.

२४. आम्हाला ठरावीक दिवशी बाळ हवंय. ३७ आठवड्यांना सिझेरियन करता येईल का?

वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये. ३७ व्या आठवड्यातलं बाळ दिसायला पूर्ण असतं, पण श्वासाचा त्रास होऊन त्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागण्याची शक्यता जास्त असते. तो हवा असलेला दिवस मग काचेपलीकडून बाळ बघण्यात जातो.

२५. तारीख लांब आहे, तरी दवाखान्यात कधी जावंच लागतं?

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली किंवा थांबली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा आणि हात एकाएकी सुजले, किंवा ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखू लागलं, तर तारीख बघू नका. हालचाल कमी वाटली तर गोड खाऊन, कुशीवर पडून सकाळपर्यंत वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी फाइल घ्या आणि निघा.